दुपारची गाडी आणि सेनापतीचा घोडा

स्टँडवर त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसती शिट्टी. नोकरीत होते तेव्हा त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी असे, आणि ती वाजल्याशिवाय एकही गाडी फलाटावरून हलत नसे. ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसलेला, कंडक्टर दारात लोंबकळलेला, आत माणसं घामाघूम झालेली, आणि साहेब मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शांत उभे. काटा जागेवर आला की शिट्टी. मग मागे कोणी बोंबलत येवो, रडत येवो, सामान टाकून पळत येवो, गाडी गेली म्हणजे गेली. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. एकदा कोणी बडे अधिकारी चहाचा शेवटचा घोट घेत होते, त्यांना खाली सोडून त्यांचीच गाडी रवाना केली होती. त्यावरून चौकशी झाली. चौकशीला आलेला माणूससुद्धा परत जाताना साहेबांच्या शिट्टीनेच गेला.

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी पुन्हा स्टँडवर हजर. घरात बसवेना. पायाला भिंगरी लागलेली. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळेना. घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. गाडीचा हॉर्न झाला की हातातला पेपर खाली यायचा आणि मान खिडकीकडे वळायची. लेक शिलाई मशिनवरून म्हणायची, "बाबा, कोणती गाडी ते मलासुद्धा कळतं आता. बसा खाली." बसायचे. पुन्हा हॉर्न झाला की पुन्हा उठायचे. शेवटी तिनेच म्हटलं, जा बाई एकदाचे, फेरी मारून या.

तर त्या पहिल्या दिवशी ते बाहेर पडायच्या फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. आत जायला मन धजेना. कंट्रोलरच्या केबिनमध्ये, साहेबांच्या जागी, आता एक तरुण बाई होत्या, केबिनच्या डोक्यावर लाल अक्षरांचा मोठा बोर्ड लागला होता, आणि गाडी सुटायची वेळ झाली की तो बोर्डच डोळे मिचकावायचा. शिट्टीचं काही कामच नव्हतं. दुपारची लांबची गाडी निघाली. तिचा ड्रायव्हर म्हणजे लांबू. उंचीमुळे पडलेलं नाव. साहेबांच्या हाताखाली त्याने उमेदीची सगळी वर्षं काढलेली. फाटकाशी येऊन त्याने गाडी थोडी थांबवली, खिडकीतून मान काढली आणि बाकाकडे बघितलं. साहेबांचा हात आपोआप वर गेला. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू तो रिवाजच पडला. दुपारची गाडी फाटकाशी येणार, लांबू बघणार, साहेब हात वर करणार, मगच चाकं फिरणार. साहेब घरी येऊन सांगायचे, "माझ्याशिवाय ती गाडी हलत नाही अजून." सांगताना छाती इंचभर पुढे यायची. लेक दोरा तोडत नुसतं "हं" करायची.

घरात तिसरी होती ती नात. शाळेतली, तोंडाळ आणि पुस्तकात बुडालेली. जावई नोकरीसाठी लांबच्या शहरात. महिन्याकाठी यायचा, पाहुण्यासारखा बसायचा आणि जायचा. साहेबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे साहेबांची भांडणं आता नातीशीच व्हायची, आणि दोघांनाही त्याची चांगली सवय झाली होती.

एके दिवशी नातीने कवितेचं पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर टाकलं. "आजोबा, हिचं रसग्रहण करायचंय. स्पर्धा आहे. दोनशे वर्षांपूर्वीची रोमँटिक कविता आहे."

"रोमँटिक?" साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शाळेत असलं शिकवतात? तुझ्या बाईंना भेटायला हवं."

"प्रेमाची नाही हो! रोमँटिक म्हणजे तसले कवी. मन, निसर्ग, पडके किल्ले, जुने राजे. ही सत्ता आणि गर्व उतरणीला लागण्याबद्दल आहे."

"मग ती मला कशाला वाचून दाखवतेस?" साहेब म्हणाले, आणि लगेच, "वाच, वाच."

कविता मोठी नव्हती. एक सेनापती होता. त्याचं नाव ऐकून शहरं दारं लावून घेत. त्याचा पांढरा घोडा होता, त्याच्या अंगावर रेशीम असे. सेनापती मेला, त्याचा किल्ला ढासळला, त्याच्या तलवारीचे कोणी विळे केले. घोडा मात्र जगला. विकत विकत तो एका तेलवाल्याच्या घाण्याला जुंपला गेला. गोल गोल फिरतो, अंगावर पेंडीची धूळ. मग एक दिवस रस्त्यावरून कुठल्यातरी नव्या राजाची पलटण जाते, तुतारी वाजते, आणि घोडा थांबतो. मान ताठ करतो. त्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलं. तुतारी लांब जाते, विरते, तरी तो तसाच उभा. आणि शेवटची ओळ: घाणेवाला दोर हातात धरून उभा राहिला.

नात थांबली. साहेबांनी विचारलं, "संपली?"

"संपली. आता सांगा, कवी घोड्याला हसतोय की त्याची कीव करतोय?"

"घोड्याला कशाला हसेल? घोडा आपलं काम विसरला नाही, इतकंच. शिस्तीचा घोडा होता."

"गाइडमध्ये लिहिलंय, सत्ता क्षणभंगुर आहे हा कवितेचा आशय."

"गाइडवाल्यांनी कधी घोडा बघितलाय का?"

"मलाही ते पटत नाही," नात म्हणाली. "तेवढंच सांगायचं असतं तर सेनापती मेला तिथेच कविता संपली असती. बघा ना, सेनापतीला एकच कडवं दिलंय. घोड्याला दोन. आणि शेवटची ओळ घोड्यालाही नाही, घाणेवाल्याला. ज्याची कवितेत काही ओळखच नाही, त्याला शेवटची ओळ का? तो उभा का राहिला? चाबूक का नाही मारला?"

"आळशी असेल," साहेब म्हणाले आणि स्टँडवर जायला उठले. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती.

पण तो घोडा डोक्यातून जाईना. पेपर वाचताना घोडा, दाढी करताना घोडा. बाकावर बसल्या बसल्या त्यांना वाटे, कवीला घोड्यांतलं काही कळत नव्हतं. मग वाटे, फार कळत होतं. शाळेतली फेरी नातीने जिंकली. पुढची मोठ्या शहरात होती, शनिवारी संध्याकाळी. त्यासाठी तिला आणि तिच्या बाईंना दुपारच्याच गाडीने जायचं होतं. वेळेवर पोचलं नाही तर नाव कापणार, असं बजावलेलं होतं. साहेब म्हणाले, "माझ्या गाडीने जातेस ना? मग काळजी सोड."

आणि शुक्रवारी घोळ झाला. साहेब बाहेरून आले, चपला काढत होते. आत नात आईसमोर उभी राहून भाषण म्हणत होती. दार लोटलेलं होतं. "असा एक घोडा," तिचा आवाज आला, "आमच्याही घरी आहे. त्याला वाटतं, अजूनही त्याच्या इशाऱ्याशिवाय काही हलत नाही." आणि लेक हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

साहेबांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि तसेच बाहेर पडले. अंगाचा तिळपापड झाला होता. आपण घोडा! घाण्याचा घोडा! ज्या पोरीला खांद्यावर बसवून सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ करून घेतले, ती चारचौघांत, माइकवरून, आजोबाला घोडा म्हणणार. आणि लेक हसते. गल्लीला त्यांनी किती चकरा मारल्या कोण जाणे. पानाच्या दुकानदाराने विचारलं, साहेब काही हरवलं का? साहेब म्हणाले, "तुझं डोकं."

चकरा मारता मारता त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला. उद्या हात वर करायचाच नाही. गाडी फाटकाशी येईल, लांबू बघेल, आपण दुसरीकडे बघायचं. पोरगी आतच असेल. बघू दे तिला तिच्या डोळ्यांनी. गाडी अडेल, लांबू विनवेल, मग आपण मोठ्या मनाने हात वर करू. घोडा कोण ते कळेल. बेत पक्का केला आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. कारण मनात एक बारीकसा काटा सलत होता: समजा लांबू थांबलाच नाही तर? समजा त्याने बघितलं, आणि सरळ गाडी काढली तर? तर मग इतके दिवस काय चाललं होतं?

शनिवारी ते वेळेच्या खूप आधी बाकावर जाऊन बसले. मग उठले, पाणी प्यायले, परत बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले, न जाणो चुकून वर गेला तर. नात बाईंबरोबर आली, दुरूनच त्यांना हात हलवून गाडीत चढली. इस्त्री केलेला ड्रेस, हातात ते पुस्तक. बोर्डाने डोळे मिचकावले. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. गाडी मागे आली, वळली आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. लांबूने मान बाहेर काढली.

साहेब चहाच्या टपरीकडे बघू लागले.

गाडीचं इंजिन धडधडत होतं. साहेबांना वाटलं, आता हलेल. हलली नाही. कंडक्टरने पुन्हा घंटी दिली. हलली नाही. साहेबांच्या छातीत एकदम गार वाटलं. थांबला! लांबू थांबला! माझ्याशिवाय हलत नाही म्हणालो होतो की नाही? क्षणभर ते पुन्हा जुने साहेब झाले. मग गाडीतून कोणीतरी ओरडलं, "काय झालं रे, झोपलास का?" मागे दुसरी गाडी येऊन हॉर्न देऊ लागली. केबिनमधून माइकवर घोषणा झाली, की फाटकावरच्या गाडीने निघावं. लांबू बसल्या जागी, मान बाहेर, नजर बाकावर.

कंट्रोलरबाई केबिनमधून बाहेर आल्या. साहेबांना वाटलं, आता लांबूला झापतील. त्या लांबूकडे गेल्याच नाहीत. पायरीवर उभ्या राहून त्यांनी साहेबांकडे बघितलं. चहावाला किटली हातात धरून त्यांच्याकडेच बघत होता. हमाल बघत होता. झाडूवालीने झाडू थांबवला होता आणि तीही बघत होती. कोणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळे जणू एखाद्या रुसलेल्या मुलाची समजूत पटायची वाट बघत होते.

तेव्हा साहेबांना कळलं. सगळ्या स्टँडला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्यांच्या हाताची कोणालाच गरज नव्हती. तो वर करायला सगळे त्यांना देत होते, रोज, न चुकता, आणि त्यांनी तो आपला हक्क म्हणून घेतला होता. शरमेने त्यांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

खिडकीतून नातीचं डोकं बाहेर आलं. "आजोबा! हात करा ना! नाव कापतील हो माझं!" तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. रडवेली झाली होती. आणि तिला उशीर करत होते ते. ज्यांनी जन्मात एक गाडी उशिरा सोडली नाही ते.

साहेब उठले. ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"का थांबलास?"

"हात झाला नव्हता साहेब."

"मी कोण आहे रे आता? आणि केलाच नसता तर?"

लांबू जरासा हसला. "अजून थोडा थांबलो असतो. मग केबिनमधल्या बाई ओरडल्या असत्या, पब्लिक खाली उतरलं असतं. मग निघालो असतो. जायचं तर असतंच की."

"मूर्ख आहेस. एवढी माणसं खोळंबवलीस."

लांबूचं हसू गेलं. तो बोलला तेव्हा खाली बघून बोलला, फक्त साहेबांना ऐकू जाईल इतकंच. "एकदा लगेच निघालो होतो साहेब. वहिनी येत होत्या, लेकीला घेऊन. आरशात दिसत होत्या मला. पण तुमची शिट्टी झाली. ते काही माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून आता थांबतो."

साहेबांनी खिडकीच्या पत्र्याला हात टेकला. पत्रा तापला होता, तरी काढला नाही. मागचा हॉर्न वाजतच होता.

"निघ," ते म्हणाले. "आणि सोमवारपासून माझ्याकडे बघू नकोस. आरशात बघत जा."

"उशीर झाला तर?"

"होऊ दे."

हा शब्द त्यांच्या तोंडून त्या स्टँडने कधी ऐकला नव्हता. गाडी गेली. नात खिडकीतून मागे बघत राहिली. साहेब कोणाकडेही न बघता फाटकातून बाहेर पडले. चहावाल्याने हाक मारली ती त्यांनी ऐकली, पण थांबले नाहीत.

आता ती वहिनींची गोष्ट. ती स्टँडवर प्रत्येकाला पाठ होती, कारण साहेबच ती सांगायचे. नवा माणूस कामाला लागला की सांगायचे, घरी पाहुणे आले की सांगायचे. बायकोचे वडील अत्यवस्थ होते. निरोप आला, तिने पोरीला घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीला निघाली. ती शेवटची गाडी. "मी बघितलं," साहेब सांगायचे, "येतायत दोघी, पळत. मग घड्याळ बघितलं. काटा जागेवर. आणि वाजवली शिट्टी! म्हटलं, नियम म्हणजे नियम. बायको असली म्हणून काय झालं?" ऐकणारे तोंडात बोट घालायचे, मग हसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती पोचली तोवर वडील गेले होते. एवढा भाग साहेब गोष्टीत सांगत नसत.

घरी आले तेव्हा मशिन चालू होतं. लेकीने मान वर न करता विचारलं, "गेली गाडी?"

"गेली. उशिरा गेली."

मशिन थांबलं. साहेबांनी खुर्चीत न बसता, खोलीतल्या खोलीत येरझारा घालत सगळं सांगून टाकलं. ऐकलेलं भाषण, हात मांड्यांखाली घातलेले, स्टँडभर बघणारे लोक. लेक डोक्याला हात लावून म्हणाली, "बाबा, अर्धंच ऐकलंत तुम्ही. मी हसले, तुम्ही हुबेहूब दिसलात म्हणून. पुढे ती घोड्याबद्दल बोलतच नाही. सगळं घाणेवाल्याबद्दल आहे."

संध्याकाळी फोन वाजला. नात होती. पोचली होती, हजेरीच्या जेमतेम आधी. लांबूने वाटेत वेळ भरून काढला होता. मागे लोकांचा गलबला ऐकू येत होता. "आजोबा, पटकन सांगा, माझा नंबर आहे आता. तो घाणेवाला का थांबला?"

साहेबांनी घसा साफ केला. "घोड्याची लाज राखायला."

"हेच मी लिहिलंय!" ती ओरडली. मग जरा घुटमळली. "तो घोडा... मी तुमचं बोलू ना? नको असेल तर काढते."

"बोल," साहेब म्हणाले. "घोडा म्हण. खुशाल म्हण."

फोन ठेवला आणि पुन्हा येरझारा सुरू. खिडकी, दार, खिडकी. लेकीने कापड उचललं, सुई लावली, पण मशिन चालवलं नाही. शेवटी साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"लांबू म्हणाला, तुम्ही दोघी आरशात दिसत होतात त्याला. त्या दिवशी." त्यांनी मशिनवरची दोऱ्याची रीळ उचलली, परत ठेवली. "मी गाडी थांबवायला हवी होती. चुकलं माझं. तुझी आई पळत येत होती आणि मी..."

"आई पळत नव्हती बाबा."

"पळत होती. मी बघितलं ना."

"मी पळत होते," लेक म्हणाली. "तुम्ही शिट्टी तोंडाला लावलेली मला दिसली, म्हणून मी आईचा हात सोडवून पळायला लागले. तिने मला मागे ओढलं. म्हणाली, पळू नकोस, पडशील. त्यांनी बघितलंय आपल्याला."

खाली स्टँडवर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न झाला. साहेबांची मान वळली नाही.

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही ती गोष्ट सांगत असायचात. पाहुणे हसत असायचे."

"आणि ती? ती काय करायची?"

लेकीने कापडाची घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि हाताने सारखी केली.

"ती सगळ्यांना चहा आणून द्यायची," ती म्हणाली.